सगळेच 'धर्मगुरू' कसे हो?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

परवा एका सर्वधर्म कार्यक्रमाचा फोटो पेपरात पाहिला. स्टेजवर पाच जण बसलेले आणि खाली एकच ओळ, 'विविध धर्मांचे धर्मगुरू'. झालं, काम संपलं! त्यात एक भंतेजी होते, एक ग्रंथी, एक मौलाना, एक पाळक, एक जैन मुनी, पण तुमच्या माणसानं सगळ्यांना एकाच पोत्यात भरलं.

माझं महाल भागात कार्ड छापायचं छोटं दुकान आहे, तीसेक वर्षं झाली, नागपूरचं म्हणाल तर सगळ्याच जातीधर्माचं गिऱ्हाईक येते म्हणून हे शब्द मला पैसे मोजून शिकावे लागले. सुरुवातीलाच एका वर्धापनदिनाच्या कार्डावर मी 'बुद्ध विहार'च्या जागी 'बुद्ध मंदिर' छापलं, तीनशे कार्ड. गिऱ्हाईक भांडला नाही, नुसतं कार्ड काउंटरवर ठेवलं, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "भाऊ, मंदिर नाही ना जी, विहार आहे." सगळे परत छापून दिले. पुढं त्यानंच समजावलं की भंते हे बोलावताना म्हणायचं, कार्डावर भदंत लिहायचं, आणि थेर, महाथेर हे काही शोभेसाठी लावत नाहीत, उपसंपदा, म्हणजे भिक्खूची पूर्ण दीक्षा, होऊन दहा वर्षं झाली की थेर, वीस झाली की महाथेर. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांना इथं दीक्षा दिली त्या चंद्रमणींच्या नावापुढं महास्थविर, म्हणजे महाथेरच, लिहितात ते त्याच्यासाठी, पण पेपरात पंचविशीतल्या भिक्खूलाही महाथेर करून टाकतात आणि खऱ्या महाथेरांना नुसतं 'बौद्ध धर्मगुरू'.

शिखांचं तर अजूनच. दहा गुरू झाले, 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी गुरुपद ग्रंथसाहेबाला दिलं, तेही कुठं लांब नाही, आपल्या नांदेडला. त्यानंतर कोणताच माणूस गुरू नाही. म्हणजे ग्रंथींना 'शीख धर्मगुरू' लिहिलं की तुम्ही मान देऊन राहिले असं तुम्हाला वाटते, आणि तिकडं नेमकं तेच चालत नाही! ग्रंथी म्हणजे ग्रंथसाहेबाचा पाठ आणि सेवा करणारे, कीर्तन करणारे ते रागी. एवढं गुरुद्वाऱ्याच्या दारात कोणालाही विचारलं तरी सांगतील.

ख्रिश्चनांमध्ये गंमत म्हणजे वसईकडचे कॅथलिक स्वतःच फादरला मराठीत धर्मगुरू म्हणतात, तिथं तो शब्द बरोबरच आहे, ते मी मान्य करतो. पण प्रोटेस्टंट मराठी लोक पाळक म्हणतात. आणि कॅथलिक फादर लग्न करत नाही, पाळकाला बायकापोरं असतात, म्हणून 'फादर व त्यांच्या पत्नी' असं कोणी लिहिलं की आपल्या सदर भागातले ख्रिश्चन लोक हसतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेच मुळी नागपुरात, 29 नोव्हेंबर 1970 ला, सहा चर्च एकत्र येऊन. निदान नागपूरच्या पेपरला तरी हा फरक माहीत पाहिजे की नाही?

मशिदीत नमाज पढवणारे इमाम, अजान देणारे मुअज्जिन, कुराण पाठ असलेले हाफिज, विचारलेल्या प्रश्नाला शरियतप्रमाणं मत देणारे मुफ्ती. त्या मताला फतवा म्हणतात, आणि आपल्या पेपरात रोज आयुक्तांचा फतवा, मुख्याध्यापकांचा फतवा! ताजबाग दर्ग्याच्या उरुसाचं कार्ड करताना एका म्हाताऱ्या चाचांनी सांगितलं होतं की उरुस म्हणजे मुळात लग्न, वली, म्हणजे संत, देवाला भेटला तो दिवस. तेव्हापासून मी तिथं कधी 'पुण्यतिथी' टाकलं नाही.

बारीकसारीक गोष्टीवर काऊन एवढं, असं तुम्ही म्हणाल. मग एखाद्या महादेवाच्या देवळातल्या गुरवाला भटजी लिहून बघा, नाहीतर कीर्तनकार महाराजांना पुजारी. सकाळी दहाच्या आत फोन येतील की नाही सांगा. आपल्यातले हे फरक आपल्याला झोपेतही कळतात, दुसऱ्याचे मात्र विचारायलासुद्धा जड जाते.

जास्त काही मागणं नाही. फोटो काढणाऱ्या पोट्ट्यानं स्टेजवरून उतरताना त्यांनाच विचारावं, "तुमच्या नावापुढं काय लिहू?" दोन मिनिटांचं काम आहे. मी गिऱ्हाईकाला ॲडव्हान्स घ्यायच्या आधी हेच विचारतो, आणि ते जुने तीनशे कार्ड अजून दुकानात आहेत, मागच्या कोऱ्या बाजूवर हिशोब लिहायला कामी येतात.

आपला,
एक कार्डवाला, महाल, नागपूर