जुने ड्रम तासू नका

महोदय,
माझे वडील गिरगावात गणेशोत्सवात ऑर्केस्ट्राबरोबर ड्रम वाजवत. त्यांचा संच वीसेक वर्षं माळ्यावर पडून होता. दिवाळीत खाली काढला, बिल्ल्यावरची काजळी पुसली आणि 'प्रीमियर' हे नाव उजळलं. इंग्लंडची, १९२२ सालची कंपनी.

त्यातल्या टॉमसाठी (संचातला मधल्या आकाराचा ड्रम) १४ इंची नवं पान, म्हणजे तोंडावर ताणायचा पडदा, आणलं, तर ते बसेचना. दुकानदार म्हणाला, "लाकूड थोडं तासून घ्या." अंगावर काटा आला! प्रीमियरच्या साधारण १९६८पूर्वीच्या टॉमचा घेर आजच्या मापांहून किंचित मोठाच असे. तो बिघाड नाही, तीच त्यांच्या वयाची खूण. (मीही हे फार उशिरा शिकलो.)

शेवटी मिरजेच्या एका तबला कारागिरानं मार्ग काढला. टॉमच्या मापाची कडी वळवली, भिजवलेलं बकऱ्याचं कातडं तिच्यावर पसरलं, कड बोटांनी आत दुमडत नेली आणि सावलीत वाळू दिली. मग स्क्रू आवळले समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा. पहिल्या थापेला आई स्वयंपाकघरातून धावत आली.

असे संच अनेक घरांत असतील. ते तासू नका, भंगारात देऊ नका. आधी ड्रमचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजा. जुना स्क्रूही टाकू नका.

– एक वाचक, गिरगाव