गणितं 'साफ' चुकलेली नाहीत

मा. संपादक, स. न. वि. वि.

कालच्या अंकातलं 'हवामानाची गणितं साफ चुकली' हे शीर्षक वाचून राहवलं नाही. चूक एका जागी आहे. रानात, माळावर जिवाणू हवेतला नत्र (नायट्रोजन) झाडांसाठी किती धरतात, तो आकडा हवामानाचा अंदाज बांधणाऱ्या संगणकी मॉडेलांनी ५० टक्क्यांहून अधिक फुगवला. नत्राशिवाय झाड वाढत नाही. त्यामुळे वाढत्या कार्बन डायऑक्साइडवर झाडं किती जोमाने वाढतील, तो अंदाज सुमारे ११ टक्के जास्त निघाला. म्हणजे झाडं कार्बन कमी ओढणार, काळजी वाढली. तुमचं शीर्षक दाखवून गल्लीतले दोघे मला "तापमानवाढ म्हणजे थाप" असं सांगून गेले!

बरीच मॉडेलं झाडांची वाढ किंवा बाष्पीभवन बघून नत्राचा हिशोब लावतात. हिरवंगार दिसलं की नत्र धरला गेलाच, असं नसतं. दोन वर्षांमागे भात काढल्यावर मसूर पेरली. पिवळी वाटली म्हणून अर्ध्या वाफ्याला युरिया टाकला. महिन्याभरात तो अर्धा भाग काळाभोर हिरवा झाला. तिथली रोपं उपटली तर मुळांवर जिवाणूंच्या गाठी जेमतेम चार-दोन, नखाने फोडल्या तर आत पांढऱ्या. बिनयुरियाच्या बाजूला रोपं खुजी, पण मुळं गाठींनी भरलेली आणि आत गुलाबी, म्हणजे नत्र धरण्याचं काम चालू. आयता नत्र मिळाला की रोप जिवाणूंना पोसत नाही. पोसायला त्याची साखर खर्ची पडते. पीक वेगळं, रान वेगळं, हे मान्य. पण हा स्वभाव दोन्हीकडे तोच.

तुमच्या बातमीत मुख्य गोष्टच नव्हती. आजवरची मोजमापं जिथे झाली तिथे नत्र धरणाऱ्या वनस्पती जगाच्या मानाने १७ पट जास्त होत्या. खानापूरच्या जंगलात शेंगवर्गी झाड शोधून त्याच्याच बुंध्याशी माती उकरायची आणि तो आकडा सगळ्या तालुक्याला लावायचा, असं झालं. जगभरच्या रानामाळांत वर्षाला किती नत्र धरला जातो, याचा १९९९ मध्ये १९.५ कोटी टनांचा अंदाज होता, २०२५ च्या अभ्यासात तो ६.५ कोटींवर आला.

शेतीचं पान तुम्ही अर्ध्यावर आणलंत, तेव्हापासून अशा बातम्या पहिल्या पानावर घाईने लागतात. ते पान पूर्ववत करा आणि शीर्षकाची दुरुस्ती त्याच जागी, त्याच आकाराच्या अक्षरांत छापा.

आपला,
एक मसूर उत्पादक, येळ्ळूर, ता. बेळगाव