अतिवृष्टी अनुदान : पैसे न आलेल्यांनी इकडे लक्ष द्यावे

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीचे अनुदान अजून न मिळालेल्या सभासदांनी तलाठ्याकडच्या यादीत आपल्या नावासमोरचा व्हीके नंबर (केवायसीसाठी लागणारा विशिष्ट क्रमांक) पाहावा. केवायसी बाकी असेल तर आधार आणि पासबुक घेऊन सेवा केंद्रावर अंगठा देऊन यावे. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच पडतात. एखाद्या विसरलेल्या जुन्या खात्यात गेले नाहीत ना, तेही बघा. सातबारा सामाईक असेल तर बाकीच्या खातेदारांचे संमतीपत्र लागते. भावाभावांत बोलणे नसले तरी सही घ्यावीच लागेल!

दर हेक्टरी : जिरायत ८,५०० रुपये, बागायत १७,०००, फळबाग २२,५००; मर्यादा ३ हेक्टर. रब्बीच्या बियाण्यासाठीचे हेक्टरी १०,००० याशिवाय. पीकविमा वेगळा, त्याची चौकशी यात मिसळू नका.