निळ्या दोरीबद्दल, स्टुडिओवाल्या काकांना

आदरणीय काका,

हे पत्र डिसेंबरातच लिहायचं होतं. परवा लग्नाच्या मांडवात तुम्हाला पाहिलं आणि मग राहवलंच नाही.

मी म्हणजे शाळेतल्या बाई, स्कूटीवर भली मोठी काळी बॅग घेऊन तुमच्या स्टुडिओत आले होते ती. दोन वर्षं भिशी भरून मी सोनीचा ए-६००० कॅमेरा घेतला होता, जुना, वापरलेला. आमच्या वर्गातल्या पक्ष्यांच्या तक्त्यावर शहामृग आहे, पेंग्विन आहे, पण सारस नाही. महाराष्ट्रात सारस उरलेत ते जवळजवळ आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडेच, आणि आपल्याच पोरांना भिंतीवर पेंग्विन बघावा लागतो. मला बोडीवरची, म्हणजे आपल्या छोट्या तळ्यावरची, आमची सारसांची जोडी त्या भिंतीवर लावायची होती.

तुमच्याकडे येण्याआधी मी शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेले होते. तिथे पहिला प्रश्न आला, "बजेट किती?" पुढचं सगळं ते माझ्या भावाशी बोलले. कॅमेरा माझा, पैसे माझे, प्रश्न माझे, आणि उत्तरं त्याला. पाठीवरची ती अवजड बॅग तिथेच गळ्यात पडली. स्कूटी थांबवून ती उतरवून चेन उघडेपर्यंत सारस पार शेताच्या धुऱ्यापलीकडे गेलेला असायचा. पुढे आभाळाच्या प्रत्येक फोटोत काळे ठिपके यायला लागले म्हणून पुन्हा गेले, तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही मोबाईलच वापरा ना." बसमध्ये रडू आलं होतं मला.

तुम्ही आधी विचारलं, "कायचे फोटो काढाचे हायेत, बाई?" एवढा साधा प्रश्न तोवर कुणी विचारलाच नव्हता.

ठिपके पाहून लेन्स कुठे बदलली ते विचारलंत. मी सांगितलं, खळ्यावर, मळणी चालू असताना. तुम्ही हसला नाहीत. या कॅमेऱ्यात आरसा नसतो, लेन्स काढली की फोटो टिपणारा सेन्सर उघडाच पडतो आणि त्यावर धूळ बसते, म्हणून आधी बंद करायचा, तोंड जमिनीकडे धरायचं आणि वाऱ्याकडे पाठ करायची, हे मला शांतपणे करून दाखवलंत. हवा मारायच्या रबरी फुग्याने हवा मारली आणि ठिपके गेले. पैसे विचारले तर मान हलवलीत. पावसाळ्यात तांदळाच्या डब्यात ठेवायचा का, असं मी विचारलं तेव्हा मात्र जवळजवळ ओरडलात, "कोंडा जाईन ना लेन्समंदी!" आता सिलिका जेलच्या पुड्या घालून स्टीलच्या घट्ट डब्यात ठेवते.

पण हे सगळं एकीकडे आणि तो पट्टा एकीकडे.

मी निघाले तेव्हा कॅमेरा गळ्यात होता. तुम्ही थांबवलंत. "गळ्यात नोको घेऊ, मान दुखते. आडवा घे." टेबलावरच्या तुमच्या कॅमेऱ्याचा जुना रुंद सुती पट्टा सोडलात, माझ्या कॅमेऱ्याला बांधलात आणि मलाच खांद्यावरून आडवा घालून बघायला लावलंत. दोनदा आखूड करून दिलात. कॅमेरा नेमका कमरेशी, हाताच्या टप्प्यात आला. बॉडी आणि ५५-२१० ची लेन्स मिळून ७०० ग्रॅमसुद्धा भरत नाही, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. तोवर मी बॅगच वाहत होते. मला वाटलं, तुमच्याकडे दुसरा पट्टा असेल.

परवा मांडवात कळलं, नव्हता. तुमच्या एवढ्या वजनदार कॅमेऱ्याला निळी नायलॉनची दोरी बांधली होती आणि दोरीखाली मानेवर रुमालाची घडी होती. ऐन लग्नसराई, काका. किती मांडव त्या दोरीवर काढलेत? मला समोर येऊन बोलताही आलं नाही, जेवण न करताच निघाले.

माणसाचा चांगुलपणा आपण मोठमोठ्या देणग्यांत शोधतो. समोरच्याच्या खांद्याला काय रुततंय हे न सांगता ओळखणारी माणसं तालुक्याच्या बाजारपेठेत, झेरॉक्सच्या दुकानाशेजारी बसलेली असतात. दुकान मोठं असलं की नजरही मोठी असते असं नाही, हे मी पदरमोड करून शिकले.

जानेवारीत सारस मिळाला. सकाळचं धुकं होतं, कापणी झालेल्या धानाच्या बांधीत दोघं चरत होते. उन्हात कॅमेऱ्याचा मागचा पडदा नीट दिसत नाही, डोळ्याला लावून बघा, असं तुम्ही सांगितलं होतं, तसंच केलं. जवळ गेले नाही, धुऱ्याआडच बसून राहिले. नराने मान वर केली तेव्हा कॅमेरा आधीच हातात होता. फोटो आता वर्गात लागलाय, पेंग्विनच्या वर.

त्याचीच एक प्रत या पत्रासोबत पाठवते आहे. शिवाय एक नवा पट्टा आहे, रुंद, आतून मऊ, तुमच्या कॅमेऱ्याचं वजन पेलेल असा. तो आजच लावा आणि ती दोरी सोडा. जुना मात्र मी परत देणार नाही.

तुमची,
सारसवाली बाई