धूळ म्हणजे नुसता पडदा नव्हे

फोंडा, गोवा
१२ डिसेंबर

प्रिय अनंत,
सप्रेम नमस्कार.

सक्रिय दीर्घिकांच्या, म्हणजे ज्यांच्या मधलं महाकाय कृष्णविवर वायू गिळताना तळपतं अशा दीर्घिकांच्या, गाभ्यातली धूळ ही वेध घेतानाची कटकट आहे, असं तू लिहिलंस. मला ते अजिबात पटलं नाही. महाकाय कृष्णविवराच्या इतक्या जवळची अंतरं मोजता येतात, त्यातलं एक मोठं मोजमाप तर या धुळीचीच देणगी आहे.

आपल्या डिचोलीकडे खनिजाचा ट्रक गेला की काजूच्या पानांवर लाल थर बसतो. बोटाला त्याचे दाणे लागतात. दीर्घिकांच्या गाभ्यातली धूळ मात्र धुरासारखी बारीक, बहुतेक कण पाव मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतले, सिलिकेटचे आणि ग्रॅफाइटचे. असे कण निळा प्रकाश अडवतात. अवरक्त (इन्फ्रारेड) बराचसा निसटतो. अडवलेल्या ऊर्जेने कण तापतात आणि ती अवरक्तात परत टाकतात. पण साधारण १५०० केल्विनला सिलिकेट उडून जातं, ग्रॅफाइट जरा जास्त तग धरतं. त्यामुळे कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या तप्त वायूच्या तळपत्या तबकडीलगत धूळ राहूच शकत नाही. ती तबकडीपासून लांब, कड्यासारखी पसरते आणि तिची आतली कडा ठरलेली. तेज चौपट झालं तर ही कडा दुप्पट लांब.

ही कडा एकट्या दुर्बिणीला दिसत नाही, म्हणून वेळ मोजायची. तबकडीचं तेज कमीजास्त होत असतं. दृश्य प्रकाशात आलेला चढ २.२ मायक्रॉनला, म्हणजे के पट्ट्यात, काही दिवसांनी उमटतो, कारण तबकडीचा प्रकाश धुळीपर्यंत पोचायला तेवढा वेळ लागतो. श्यामशबल तारकासमूहातल्या एनजीसी ४१५१ या सक्रिय दीर्घिकेचा हा उशीर २००४ साली जपानी गटाने ४८ दिवस असा प्रसिद्ध केला. दुर्बीण हवाईतली मॅग्नम. प्रकाश दिवसाला २,५९० कोटी किमी जातो. ४८ने गुण: सव्वा लाख कोटी किमी, सूर्य ते नेपच्यूनच्या पावणेतीनशे पट!

चुका होतात त्या इथे. के पट्ट्यात तबकडीचा स्वतःचाही थोडा प्रकाश असतो आणि तो उशीर न करता येतो. तो वजा केला नाहीस तर उत्तर लहान निघेल. भोवतालच्या ताऱ्यांचा उजेड दर रात्री सारख्याच मापाच्या वर्तुळातून घे, नाहीतर हवा थरथरली की तेज बदलल्याचा भास होतो. तिसरी चूक सगळ्यात फसवी. दीर्घिका सूर्याआड गेली की नोंदीत खंड पडतो (आपल्याकडे तर जून ते सप्टेंबर ढगच), आणि तो खंड सरळ रेषेने जोडला की खोटा उशीर सापडतो.

एवढं सांभाळूनही मोजलेली कडा साध्या गणितापेक्षा आत निघते. कारण मोठे कण जास्त टिकतात, आणि तबकडीचा उजेड तिच्या कडेच्या दिशेला कमी पडतो. शिवाय २००१ ते २००६च्या नोंदींत ४१५१चा उशीर ३० ते ७० दिवसांच्या दरम्यान हलला. म्हणजे धूळ तिथे नष्ट होते आणि पुन्हा जमते. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते.

पडदा म्हणून तिचं काम खोटं नाही. १९८५ साली अँटोनुची आणि मिलर यांना एम ७७ या सक्रिय दीर्घिकेच्या ध्रुवित प्रकाशात (ज्याची कंपनं एकाच दिशेत होतात अशा, विखरून आलेल्या प्रकाशात) रुंद वर्णरेषा, म्हणजे कृष्णविवराजवळ वेगाने फिरणाऱ्या वायूची खूण, सापडल्या. केंद्र धुळीआड होतं, पण वर निसटलेला प्रकाश विखरून आपल्याकडे येत होता. धूळ सगळी कड्यातच असते असंही नाही. काही दीर्घिकांत ती प्रारणाच्या दाबाने ध्रुवांच्या दिशेने फेकली गेलेली दिसते.

एम ७७ सध्या रात्री पावणेदहाच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येते, किंचित दक्षिणेला. पणजी-कळंगुटचा उजेड टाळून सत्तरीत, वाळपईच्या पलीकडे जा. तिमिंगल तारकासमूहातला डेल्टा तारा धर. तिथून अंशभरावर आठ इंची दुर्बिणीत धुरकट ठिपका आणि मधोमध ताऱ्यासारखा टिंब दिसेल. तो टिंब म्हणजे तबकडी समजू नकोस. ती धुळीच्या मागे आहे.

तुझा,
सदानंद