शुक्रवारी नको, मंगळवारी ये

ताआल, बातांगास, फिलिपिन्स
राखेच्या बुधवारची आदली रात्र

प्रिय बाय,

परवा फोनवर तू म्हणालीस, "ममा, हाकोबेच्या मूर्तीचं डोकं आणि हात तेवढे घेऊन तू टोरांटोला ये, घराचं तितो-काकांना काय करायचं ते करू दे." मी गप्प राहिले, तर तुला वाटलं रागावले. रागावले नव्हते. एक तर शेगडीवर कॉफी उतू जात होती. आणि असल्या गोष्टी मला इंग्रजीत बोलता येत नाहीत. टागालोगमध्ये मी बाजार करते, भांडते, माळ म्हणते, पण पोटातलं बाहेर काढायला मराठीच लागते. दहावीपर्यंत आजीने तुला वसईत ठेवून घेतलं, त्याचा हा एवढा फायदा आज घेते.

आधी व्यवहाराचं. डोकं आणि हात हस्तिदंताचे आहेत. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1989 साली बंदी ठरली, आणि वस्तू घरची, पणजोबांच्या वेळची असली तरी परवान्यांशिवाय ती सीमेपार नेता येत नाही. मनिलाच्या विमानतळावर माझ्या बॅगेतून एका बाईचं डोकं निघालं तर कस्टमवाल्याला काय सांगू? की ही मारिया हाकोबे, येशूचं थडगं झाडायला गेलेली?

घराचं म्हणशील तर कागदावर ते अजून तुझ्या आजोबांच्या, लोलोच्याच नावावर आहे. लोलो जाऊन 30 वर्षं झाली. सात भावंडं, चार अमेरिकेत, एक मनिलात, दोघं वर गेली, त्यात तुझे डॅडी. विकायचं तर सगळ्यांची सही हवी, आणि वारसा कर, इथे तो 6 टक्के आहे, भरल्याशिवाय नाव बदलत नाही. परदेशी माणसाला इथे जमीन विकत घेता येत नाही, वारसाने मात्र मिळते. म्हणजे डॅडींच्या हिश्श्यात तू आहेस तशी मीही आहे. तुझ्या मोठ्या तितोंना हे वकिलाने सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता म्हणे.

गेल्या महिन्यात मनिलाहून एक गृहस्थ येऊन गेले. बोलायला गोड. खालच्या दगडी भिंतींवर हात फिरवला, वर येऊन नारा लाकडाच्या फळ्या मोजल्या, मग खिडक्या. कापीसच्या शिंपल्यांचे ते चौकोन लहानपणी तू मोजायचीस आणि दरवेळी वेगळा आकडा सांगायचीस, आठवतं? अशा शिंपल्यांच्या खिडक्या मी पहिल्यांदा गोव्यात पाहिल्या होत्या, लग्नाआधी. म्हणून या घरात पाऊल टाकलं तेव्हा सगळं परकं असूनही उजेड ओळखीचा वाटला. दुधासारखा, सावली न पाडणारा. तर ते गृहस्थ म्हणाले, आम्ही घर पाडत नाही, फळीन् फळीला नंबर घालून सुटं करतो आणि समुद्रकाठी पुन्हा तसंच उभं करतो. तशी घरं मी पाहिली आहेत. पॉलिश उत्तम असतं. जिन्यावर नवरा-नवरी फोटो काढतात. लोलाच्या, माझ्या सासूबाईंच्या, स्वयंपाकघरातला धुराचा काळा डाग कुठल्या नंबराने नेणार, हे मी विचारलं नाही. उगीच माणसाला कशाला अडचणीत टाका.

जाताना त्यांनी देव्हाऱ्याकडे पाहून विचारलं, "आणि सांतो?" म्हणजे संताची मूर्ती, आमची हाकोबे. मी म्हटलं, ती विकायची नाही. ते हसले. सगळेच आधी असं म्हणतात, म्हणाले.

आता हाकोबेची गोष्ट, जी तुला अर्धीच माहीत आहे. तू तिला शुक्रवारीच पाहिलं आहेस: काळा मखमली झगा, चांदीच्या तारांचं प्रभामंडळ, पुढे दिव्यांची गाडी, मागे जनरेटरची धडधड. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते पवित्र आठवड्याच्या मंगळवारी, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. लोलाने सगळ्या पुरुषांना खाली हाकललं, दार लावलं आणि मला म्हणाली, धर. मी धरलं. तिने झग्याचे बंद सोडले, आणि आत काहीच नव्हतं! नुसता काठ्यांचा सांगाडा, कोंबड्या झाकायच्या खुराड्यासारखा. वर स्क्रूवर बसवलेलं डोकं, बाजूला दोन हात. मी चरकले. आमच्या वसईच्या देवळात मूर्ती अख्ख्या, लाकडाच्या किंवा प्लास्टरच्या, आणि त्यांना हात लावायचा तो फक्त फादरनी किंवा मेस्त्रीने. इथे मी संताच्या मानेचा स्क्रू फिरवत होते. लोला म्हणाली, हळू, डावीकडे, तिला दुखतं.

तिला दुखतं, हे ती थट्टेने म्हणत नव्हती. कोरड्या मऊ ब्रशने आधी कपाळ, मग पापण्या, मग नाकाच्या कडा. पाणी नाही, अत्तर नाही, तेल तर नाहीच. गालावर एक बारीक उभी चीर आहे, हस्तिदंताला वयाने पडते तशी. तिच्यात धूळ बसली की अश्रू वाटतो, म्हणून काही जणी म्हणायच्या राहू दे. लोला राहू द्यायची नाही. ही रडणारी नव्हे, ही झाडणारी, म्हणायची.

तीन मारिया गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत निघतात ना, माग्दालेनाकडे सुगंधी तेलाची कुपी, सालोमेकडे धुपाटणं, आणि आमच्या हाकोबेच्या हातात झाडू. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा हसूच आलं. हिरांचा खराटा, अगदी आपल्या वाडीत असतो तसा, फक्त मुठीला चांदीचं कडं. शुभवर्तमानात झाडू कुठेच नाही, हा इथल्या बायांनी तिच्या हातात दिला. थडग्यावर जायचं तर कुणीतरी आधी झाडायला नको का? वसईला शेजारच्या पाटलीणबाई लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहायच्या, ते मला आठवलं. लोलाला सांगितलं. तिने मान डोलावली, जशी काही तिला अपेक्षाच होती.

सांतो ज्या घराकडे असतो त्या घरच्या बाईला कामारेरा म्हणतात. मूर्तीचे कपडे, दागिने, मिरवणुकीची गाडी, फुलं, ओढणाऱ्यांचं जेवण, सगळं तिच्या अंगावर. लोलानंतर ते माझ्याकडे आलं तेव्हा नातेवाइकांत कुजबुज झाली. कुणी म्हणालं, बुंबाय बाई आता हाकोबेलाही पाच-सहावर लावील. (मुंबईवरून पडलेलं हे नाव इथे सगळ्याच भारतीयांना चिकटलंय, आणि मोटारसायकलवर फिरून पाच देऊन सहा वसूल करणारा सावकार म्हणजे बुंबाय, हे समीकरण.) मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खरं म्हणजे मला कुणी निवडलंच नव्हतं. तुझ्या आत्या यायच्या त्या शुक्रवारी, डोक्यावर लेस घेऊन, हातात फोन घेऊन. मंगळवारी दार लावल्यावर आत लोला आणि मी, दोघीच असायचो. वीस वर्षं दोघीच. शिकण्यात काही मोठेपणा नव्हता, मी हजर होते एवढंच.

वसईची म्हणून लोलाने मला कधी परकं मानलं नाही, त्याचं श्रेय गोन्सालो गार्सियाला. ती पहिल्यांदा भेटली तेव्हा तिला वाटलं होतं मी हिंदू असणार. मी म्हटलं, आमच्या वसईचा मुलगा तुमच्या मनिलात येऊन फ्रान्सिस्कन ब्रदर झाला, 1593 साली फादर पेद्रो बाउतिस्तांबरोबर दुभाषा म्हणून जपानला गेला आणि 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत त्यांच्याचबरोबर क्रुसावर मेला. पेद्रो बाउतिस्ता तिला ठाऊक होते. सव्वीस हुतात्म्यांत एक वसईकर, हे नव्हतं. त्या दिवसापासून ती शेजाऱ्यांना सांगायची, माझी सून संताच्या गावची आहे. तुझ्या डॅडींना मात्र म्हणायची, चारशे वर्षांनी परतफेड झाली.

ज्वालामुखीचं तुला सांगितलं होतं, पण एक गोष्ट राहिली. 12 जानेवारी 2020, रविवार, दुपारी सरोवरावर तो ढग उभा राहिला. संध्याकाळपर्यंत राख पडायला लागली, मग पावसात मिसळून चिखल. छपरावर ओल्या सिमेंटसारखी बसत होती. डॅडी खालून ओरडत होते, जमिनीचे कागद घ्या, कागद घ्या. लोला जिना उतरली ती छातीशी उशीचा अभ्रा धरून. जीपमध्ये बसल्यावर मला कळलं, आत डोकं आणि हात आहेत. कागद वरच्या कपाटातच राहिले. डॅडी पुढचे दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

काही आठवड्यांनी परत आलो. दिवाणखान्यात झगा घातलेला सांगाडा तसाच उभा, बिनडोक्याचा, बिनहातांचा, खांद्यांवर राखाडी थर. खराटा खाली पडला होता. लोलाने तो उचलला, भिंतीला टेकवून ठेवला, मग मोरीतून रोजचा झाडू आणला आणि कंबर बांधली. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई. मी म्हटलं, मी करते. तर म्हणाली, तू खिडक्या घे, पाण्याने नको, राख चरे पाडते.

खालच्या पडवीत गाडीशेजारी पाबासा व्हायचा, तोही तू सुट्टीत पाहिलेला. दोन टेबलं, दोन जुन्या पोथ्या, आणि पासियॉन, म्हणजे येशूच्या दुःखसहनाचं काव्य, आळीपाळीने गायचं, रात्रंदिवस न थांबता. आठ अक्षरी ओळ, पाच ओळींचं कडवं. तुला कंटाळा यायचा आणि तू पान्सितच्या, शेवयांच्या, ताटाजवळ घुटमळायचीस. आपल्याकडे फादर स्टीफन्सनी 1616 साली ओव्यांत ख्रिस्तपुराण छापलं. ते आता बहुतेक अभ्यासकांच्या टेबलावर असतं. इथे मात्र पहाटे तीनला, डोळ्यावर झोप, शेजारी आल्याच्या चहाची किटली, आणि रिक्षावाला शेतकऱ्याचा सूर पकडून पुढचं कडवं उचलतो. सूर बरेचदा भयंकर असतो. गेल्या वर्षी रात्री दोननंतर आम्ही चौघंच उरलो होतो, त्यातली मी एक, आणि माझे टागालोग उच्चार ऐकून बाकीचे तिघं हसून हसून जागे राहिले.

तर बाय, मी काय ठरवलंय ते ऐक. मी सही करणार आहे. धक्का बसला ना? छपराचं लाकूड वाळवीने पोखरलंय, सात घरांच्या पैशाने जे होत नाही ते माझ्या पेन्शनीने होणार नाही, आणि डॅडींच्या आठवणीसाठी मी तुझ्या गळ्यात एक गळकं घर बांधणार नाही. पण घर उचलून नेणाऱ्याला सही नाही. इथेच राहणारा, इथेच लाइटबिल भरणारा कुणी असेल, मग खाली कॅफे काढू दे, वर पाहुणे ठेवू दे, चालेल. तितोंना हे लिहून कळवलंय. दोघांनी अंगठे पाठवलेत, बाकीचे विचार करतायत.

हाकोबे मात्र यात नाही. घराची वाटणी होते. तिची वाटणी होत नाही, पाळी असते. आपल्या आळीत मे महिन्यात खुरसापुढे, क्रुसापुढे, जपमाळ व्हायची, आज या घराची पाळी, उद्या त्या घराची. खुरूस कुणाचा, असं कधी कुणी विचारलं का? डॅडींची आतेबहीण कायसासायच्या देवळाच्या पायऱ्यांजवळ राहते, तिच्या पडवीत गाडी मावते. दरवाजा सहा इंच रुंद करावा लागेल, सुताराशी बोलून झालंय. मूर्ती तिच्याकडे जाईल, मी शेजारी खोली घेईन. मळ्यातली अकरा नारळाची झाडं लोलाने हाकोबेच्या फुलांसाठी ठेवली होती, ती वाटणीतून बाहेर काढा एवढं मागितलंय. अकरा नारळांवरून भांडायला अमेरिकेतून कुणी येईल असं वाटत नाही. आलंच तर जेवू घालीन.

तू कामारेरा हो, असं मी म्हणत नाही. तुझी नोकरी, तुझं घर तिकडे. आतेबहिणीची मुलगी सोळा वर्षांची आहे, हात हलका आहे तिचा, गेल्या वर्षी तिला दाराच्या आत घेतलं होतं. तुला यायचंच असेल तर मात्र शुक्रवारचं तिकीट काढू नकोस. शुक्रवारी सगळं गाव असतं, तुझी गरज नाही. आज-उद्या म्हणत ढकलू नकोस, सोमवारी रात्री उतर. मंगळवारी सकाळी नऊला दार लावतो. नखं कापलेली, हातात अंगठी नाही, क्रीम लावलेलं नाही.

आणि मुंबईवरून येणार असशील तर एक काम. झग्याच्या कडेची जर दोन ठिकाणी उसवलीय. लोलाच्या वेळी मी भुलेश्वरहून रीळ आणलं होतं, तसा सोनेरी रंग इथे मिळत नाही, इथला फार पिवळा दिसतो. मावशीला दुकान माहीत आहे. जुन्या रिळाचा तुकडा या पाकिटात चिकटवलाय, उजेडात, खिडकीजवळ नेऊन जुळवायला सांग, ट्यूबलाइटखाली नको.

तुझी
ममा