विषय: भर उन्हात उशिरा पाठवलेलं काँक्रीट आणि स्लॅबला पडलेल्या भेगा

प्रति,
व्यवस्थापक, रेडीमिक्स विभाग

तुमच्या ग्राहक सेवेचा फोन आत्ताच ठेवला. आता लेखीच घ्या.

अकोल्यात मे महिन्यात स्लॅब, म्हणून एम-२५ ताकदीचं काँक्रीट नोंदवतानाच सांगितलं होतं: गाडी पहाटे हवी, माल थंड पाण्यात कालवलेला हवा, तो लवकर आवळू नये म्हणून रिटार्डर हवं. त्याचे जादा पैसे तुम्ही घेतलेत. गाडी आली साडेअकराला. चलनावर माल भरल्याची वेळ ८.२०. रिटार्डर नसेल तर भरल्यापासून दोन तासांत माल उतरवायचा असतो, हा नियम तुम्हाला मी सांगायला नको. रिटार्डर घातलं असेल तर मालात काय किती घातलं त्याचा बॅच रिपोर्ट दाखवा. तो मी तेव्हापासून मागतोय.

माल इतका घट्ट झाला होता की ड्रायव्हरने नळी लावून ड्रममध्ये पाणी सोडलं. मिस्त्री ओरडून थांबवेपर्यंत बरंच गेलं होतं. त्या पाण्याने ताकद उतरते, हे त्याला कुणी शिकवलं नाही? पुढची गाडी येईपर्यंत पहिला थर आवळून गेला आणि मधोमध जोड राहिला.

आणि फोनवर तुमचा माणूस काय म्हणाला? “साहेब, क्युरिंग केलं नसेल.” मी म्हटलं, पाटा फिरत होता तेव्हाच भेगा दिसल्या, माल अजून ओला होता, क्युरिंगची, म्हणजे पाणी मारून ओलं ठेवायची, वेळच कुठे आली होती? वरचं पाणी उन्हाने आणि वाऱ्याने उडालं, म्हणून त्या भेगा आहेत. तो म्हणाला, “मग अकोल्यात ऊन काय आम्ही पाडलं?” मी गप्प झालो. मागे कुणीतरी हसलं, तेही ऐकू आलं. आम्ही ओली गोणपाटं अंथरली, आळी करून पाणी भरलं, घरातली सगळी माणसं राबली, आणि वर हे ऐकून घ्यायचं! ऊन तुम्ही पाडलं नाही, पण गाडी उशिरा तुम्हीच पाठवली.

आयुष्यभराची कमाई त्या स्लॅबमध्ये आहे. तुमचं नाव ऐकून तुमच्याकडे आलो होतो, याचं फार वाईट वाटतं.

इंजिनिअर पाठवा, बॅच रिपोर्ट द्या, तुमच्या खर्चाने स्लॅबमधून नमुने कापून कोअर टेस्ट करा. कोअरची सरासरी ताकद एम-२५ च्या ताकदीच्या ८५ टक्क्यांच्या खाली आली तर स्लॅब तोडून नवा टाकून द्यायचा. या आठवड्यात कुणी आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जातो, चलन आणि फोटो तयार आहेत. सेंट्रिंग मी काढू दिलेलं नाही. त्याचं भाडं रोज चढतंय, तेही तुमच्याकडूनच घेणार.

एक ग्राहक, अकोला